फुकट सोडा, पण तिकीट द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१८ मे रोजी वस्तुसंग्रहालयात मोफत प्रवेश असल्याची चार ओळींची बातमी आपल्याच पत्रात आतल्या पानावर, निधनवार्तांच्या शेजारी आली होती. निधनवार्ता मी रोज वाचतो. या वयात वाचाव्याच लागतात. म्हणून ती बातमी नजरेस पडली. मी, माझी पत्नी, धाकटा भाऊ आणि दहा वर्षांचा नातू असे चौघे त्या दिवशी एका समकालीन कलासंग्रहालयात जाऊन आलो, त्याविषयी हे पत्र. संग्रहालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आमचं काही वाईट केलं नाही, आणि मला जे खटकलं ते एकाच ठिकाणचं नव्हे. पत्र लांबलं आहे हे मला कळतं. कापायचंच झालं तर बसचा भाग कापा, मातीचा ठेवा.

मी गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळात ३२ वर्षं कंडक्टर होतो. १९८४ साली लागलो तेव्हा हातात तिकिटांचा ब्लॉक, पंच आणि खांद्याला चामड्याची पिशवी. निवृत्त झालो तेव्हा मशीन आलं होतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर माणूस कसा उभा राहतो यावरून त्याच्याकडे तिकीट आहे की नाही ते सांगता येतं. पासवाला कॉलेजचा मुलगा मधल्या सीटवर पाय पसरून बसतो. बिनतिकिटवाला दाराजवळ राहतो, खिडकीबाहेर बघतो आणि कंडक्टर जवळ आला की त्याला नेमका खोकला येतो. त्या फेरीचे रोख पैसे दोघांनीही दिलेले नसतात. फरक एवढाच की एकाच्या खिशात कागद असतो.

हे आठवायचं कारण म्हणजे त्या दिवशी आम्ही चौघे दाराजवळच्या माणसासारखे उभे होतो.

साखळीहून सकाळी निघालो. आमोणेचा पूल ओलांडून माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करत पणजी. पुढे बस नाही, म्हणजे आहे, पण ती केव्हा येईल ते सांगणारं कोणी नाही. शेवटी रिक्षा केली. रिक्षावाल्याला संग्रहालयाचं नाव सांगून कळेना, ‘पर्यटक जातात ते, मोठं गेट असलेलं’ म्हटल्यावर लगेच कळलं. जाऊन-येऊन चौघांचे नऊशे रुपये झाले. एरवी तिथं मोठ्यांना शंभर आणि मुलाला पन्नास तिकीट आहे, म्हणजे वाचले साडेतीनशे. माझ्या भावाने हा हिशेब परतीच्या वाटेवर बाणस्तारी येईपर्यंत तीन वेळा करून दाखवला. तो ट्रकवाला होता. डिझेलचा हिशेब त्याच्या डोक्यातून जात नाही.

गेटवर सुरक्षारक्षकाने हिंदीत विचारलं, ‘किसके साथ आये हो?’ कोणाबरोबर म्हणजे काय? एकमेकांबरोबर. त्याचा दोष नाही. पंचा खांद्यावर टाकलेला एक म्हातारा, हातात डब्याची पिशवी घेतलेली बाई आणि मानकुराद घसरणीला लागलेल्या मे महिन्यात घरी आंबे सोडून इथं आल्याबद्दल तोंड वाकडं केलेला दुसरा म्हातारा, असं गिऱ्हाईक तिथं रोज येत नसावं. (पंचा भावाचा. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.)

आत काउंटरवरच्या मुलीने गोड हसून इंग्रजीत सांगितलं की आज प्रवेश फुकट, फक्त तो क्यूआर कोड स्कॅन करून नाव नोंदवा. भावाचा फोन बटणांचा. माझा चांगला आहे, पण चष्मा डब्याच्या पिशवीत आणि पिशवी लॉकरमध्ये. नातवाने सगळं भरलं. मग मी तिला म्हटलं, ‘बाय, तिकीट दी आमकां.’ ती म्हणाली आज तिकीट नाही, फुकट आहे. मी म्हटलं, फुकटाचं दे, शून्य रुपयांचं दे, पण काहीतरी हातात दे. ती बावरली, शेजारच्या मुलीशी बोलली आणि तिने आम्हाला चार गोल निळे स्टिकर दिले. ते आम्ही छातीवर चिकटवले. खरं सांगतो, तो स्टिकर लागल्यावर आमची ही जरा सरळ उभी राहिली.

पहिली दोन दालनं लिहिण्यासारखी नाहीत. म्हणजे ती वाईट होती असं नव्हे. मला ती उमगली नाहीत, आणि न उमगलेल्या गोष्टीला नावं ठेवणारे लोक मी बसमध्ये पुष्कळ पाहिले आहेत. एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर समुद्राचा व्हिडिओ चालू होता. नातवाला तो फार आवडला, कारण तिथं एसी सर्वात थंड होता. एका भिंतीवर पांढऱ्यावर पांढरा असा मोठा कॅनव्हास होता. पत्नी त्याच्यासमोर बराच वेळ थांबली. विचारलं तर म्हणाली, ‘सारवलेल्या भिंतीला चुना काढल्यावर अशीच दिसते, सुकायच्या आधी.’ मी पुन्हा पाहिलं. तशीच दिसत होती.

तिसरं दालन लांब, गोठ्यासारखं. त्यात ती माती होती.

जमिनीवर दाराकडून मागच्या भिंतीपर्यंत तांबड्या भुकटीचा एक पट्टा घातलेला, कडा अगदी दोरी धरून आखल्यासारख्या सरळ. पट्ट्यावर एका रांगेत लोखंडी घमेली, एकवीस, नातवाने मोजली. प्रत्येक घमेल्यात पालथा ठेवलेला छोटा स्पीकर, आणि त्यातून चढावर गिअर बदलताना ट्रकाचा येतो तो आवाज. मागच्या भिंतीवर ट्रकाचा फाळका टांगलेला. खरा, गंजलेला. त्यावरचा नंबर अर्धा पुसलेला होता, पण जीए-०४ एवढं वाचता येत होतं. म्हणजे डिचोलीचा.

भाऊ दारातच थांबला.

वाचकांना सांगायला हवं, म्हणून सांगतो. त्याने २००९ साली कर्ज काढून खाणीवरचं लोहखनिज वाहायला दहा टनी टिप्पर घेतला. पाळी, उसगाव, सारमानसची जेटी. दिवसाला किती ट्रिपा होतील याच्यावर घरात जेवणाची वेळ ठरायची. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा हप्त्यांची सहा वर्षं बाकी होती. पुढे न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, काही काळ ट्रक चालले, आणि मार्च २०१८ मध्ये सगळं पुन्हा थांबलं. टिप्पर आमच्या घरामागे फणसाखाली उभा राहिला. त्याच्या हौद्यात पावसाचं पाणी साचून बेडूक झाले होते. शेवटी भंगारात दिला.

मी स्वतः खाणींच्या बाजूचा माणूस नाही. त्याच रस्त्याने बस नेली आहे. भर मे महिन्यात खिडक्या बंद करून प्रवासी घामाने निथळत बसायचे, कारण खिडकी उघडली तर पांढरा शर्ट उसगावला पोचेपर्यंत विटकरी. माझ्या तिकिटांच्या ब्लॉकची कड लाल व्हायची, नोटा लाल, रात्री नाक शिंकरलं तर रुमाल लाल. आमच्या मामांचं भाताचं शेत गाळाने भरलं, ते परत कधी पिकलं नाही. तेव्हा आमच्या घरात दोन्ही पक्ष आहेत आणि दोघे एकाच ताटात जेवतात. हे एवढ्यासाठी लिहिलं की त्या दालनात शिरताना आम्ही दोघे भाऊ एकच वस्तू बघत नव्हतो.

भिंतीवर इंग्रजीत पाटी होती. मी इंग्रजी पेपर वाचतो, सरकारी परिपत्रकं वाचली आहेत. ती पाटी मी तीन वेळा वाचली. पहिल्या ओळीत बनवणाऱ्या बाईंचं नाव आणि साल. दुसऱ्या ओळीत कशापासून बनवलं: लोखंड, पत्रा, खनिज, ध्वनी. इथपर्यंत झकास, तिकिटासारखं. कुठून, कुठे, किती. त्याखाली दहा-बारा ओळी होत्या आणि त्यांत एक्स्ट्रॅक्शन, मेमरी, बॉडी, रप्चर असे शब्द होते. प्रत्येक शब्द सुटा सुटा मला माहीत आहे. पण त्यांची बस कुठे जाते ते काही कळलं नाही. डिचोली हा शब्द त्यात नव्हता. ट्रक हा शब्दही नव्हता.

पत्नीने विचारलं, ‘कितें बरयलां थंय?’ मी म्हटलं, आपल्याविषयीच लिहिलं आहे, पण आपल्यासाठी नाही.

एवढ्यात भाऊ खाली वाकला आणि पट्ट्याच्या कडेची चिमूटभर भुकटी त्याने बोटांत धरली. रक्षक धावत आला. हात लावायचा नाही अशी पाटी होती, तीही इंग्रजीतच, पण हाताचं चित्र होतं, त्यामुळे तो गुन्हा कबूल आहे. भावाचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने ती भुकटी अंगठ्याखाली चोळली, उजेडात धरली, हातावर वजन केल्यासारखा हात वरखाली केला आणि मोठ्याने म्हणाला, ‘हें खनीज न्हय रे. ही चिऱ्याची माती.’

दालनातले लोक वळून बघू लागले. मला घाम फुटला. पण तो थांबेना. खनिजाच्या फाइन्सला, म्हणजे बारीक भुकटीला, चमक असते, म्हणाला, बोटाला काळपट तांबडा रंग लागतो, साबणाने धुतला तरी नखात राहतो, आणि मूठभर घेतली तर मूठ खाली जाते इतकी ती जड. ही हलकी आहे, पिवळट आहे. चिरे कापतात तिथली भुकटी आहे ही. खनिज तर नाहीच, पण खाणीवर टाकून देतात ते रिजेक्शनसुद्धा नाही. कोणीतरी बाईंना फसवलं.

आता पुढचं वाचा. तो रक्षक, ज्याने आम्हाला गेटवर विचारलं होतं तोच, ड्युटी बदलून आत आला होता. तो भावाचा हात धरायला आला होता, आणि हसायला लागला. हिंदीत म्हणाला, मी ओडिशाचा, क्योंझरचा. माझे वडील खाणीवर होते. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं की ही माती आहे. भावाने विचारलं, मग कोणाला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, कोणी विचारलंच नाही.

रोज आठ तास तो माणूस त्या मातीच्या बाजूला उभा असतो.

मग त्याने आपली खुर्ची उचलून आमच्या हिला दिली. हेही नोंदवून ठेवतो, कारण त्या संपूर्ण इमारतीत बसायला तेवढी एकच खुर्ची होती. गुडघे दुखणाऱ्या बायका कलेच्या गिऱ्हाईक नसाव्यात असा काहीतरी समज दिसतो. पत्नी मातीच्या पट्ट्यासमोर खुर्चीवर बसली, भाऊ आणि क्योंझरचा तो गडी उभे राहून हिंदी-कोकणीत लंप, म्हणजे खनिजाची ढेकळं, आणि फाइन्सवर बोलू लागले, आणि पंधरा मिनिटांत त्यांच्याभोवती दहा-बारा माणसं जमली. एक दिल्लीकडचं जोडपं होतं, पेडण्याच्या कॉलेजची चार मुलं होती. माहिती द्यायला ठेवलेली एक मुलगी आली. ती पणजीत आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकते, घर काणकोणला. तिने भावाला विचारलं की ट्रिपा कशा मोजायच्या, नदीतल्या बार्जमध्ये, त्या मालवाहू होडीत, माल कसा ओतायचे, पावसाळ्यात काय करायचे. तो सांगत गेला. खाणी थांबल्यापासून त्याला या विषयावर इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. घरी विषय निघाला की तो उठून गोठ्यात जातो. शेवटी तिने विचारलं, ‘काका, हे बघून राग आला का?’ तो म्हणाला, ‘राग नाही. फाळका बरोबर लावला आहे. खालची साखळी डाव्या बाजूला तुटलेली आहे ना, ती तशीच तुटते.’

मला वाटतं, त्या बाईंच्या कामाला एवढी मोठी दाद कोणत्याही समीक्षकाने दिली नसेल. माती चुकली, पण साखळी बरोबर होती. बाईंचं नाव लिहीत नाही. तरुण आहेत, वाईट वाटायला नको.

आता माझी तक्रार. ती फुकटाबद्दल नाही.

माझा भाचा लंडनला होता. तिथल्या टेट मॉडर्नविषयी तो सांगायचा. जुनं वीज केंद्र, त्यात २००० साली हे कलासंग्रहालय उघडलं. कायमचा संग्रह बघायला तिकीटच नाही. एखाद्या खास प्रदर्शनाला असतं, बाकी वर्षभर दार उघडं. जिथं रोजच तिकीट नाही तिथं फुकटाचा दिवसही नसतो, आणि त्यामुळे फुकट आलेला म्हणून कोणी कोणाकडे बघत नाही. २०१० साली तिथं आय वेवे नावाच्या चिनी कलाकाराने भल्या मोठ्या दालनात सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. बिया चिनी मातीच्या, हाताने घडवलेल्या, रंगवलेल्या, दहा कोटी. लोकांनी त्यावरून चालावं अशी कल्पना होती आणि पहिले एक-दोन दिवस लोक चाललेही. मग लक्षात आलं की चालल्याने बारीक धूळ उडते, ती श्वासात जाणं बरं नव्हे, आणि लगेच दोरी लावून चालणं बंद केलं. भाचा हे गंमत म्हणून सांगत होता. मी तेव्हा नोकरीत होतो, उसगावच्या रस्त्यावर. मी त्याला म्हटलं, इकडे ये, आमच्याकडे विना दोरीचं आहे.

असो. मुद्दा असा की आमच्यासारखी माणसं अशा जागी जात नाहीत ती शंभर रुपयांमुळे नव्हे. साखळीच्या जत्रेत आम्ही शंभर रुपये खाज्यांवरच घालवतो. आम्ही जात नाही, कारण तिथं गेल्यावर आपण दाराजवळ उभे आहोत असं वाटतं, आणि एक दिवस तिकीट माफ केल्याने ते वाटणं जात नाही. उलट वाढतं. डिसेंबरात पणजीत २०१६पासून सेरेंडिपिटीचा कलामहोत्सव होतो, त्यालाही तिकीट नसतं, पण जुन्या मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यात माणसं आपलं आंगण असल्यासारखी फिरतात. ती इमारत बसच्या वाटेवरची आहे, तिथं कोणाची आई बाळंत झाली होती, कोणाचं हाड बसवलं होतं. तिथं शिरायला धीर लागत नाही.

पाट्यांचं काय करायचं ते सांगतो. १९८७च्या राजभाषा कायद्यावरून आपल्याकडे कोकणी-मराठीचा जो वाद आहे तो मला इथं उकरायचा नाही. आपल्या पत्रात त्यावर रोज दोन पत्रं असतातच. देवनागरीत लिहा म्हणजे झालं. कोकणी लिहा, मराठी लिहा, जागा असेल तर दोन्ही. एक वाचणाऱ्याला दुसरी वाचता येते. पण इंग्रजी पाटीचं भाषांतर मात्र करू नका. ‘उत्खनन, स्मृती, देह, विच्छेद’ असं लिहिलंत तर आम्ही परत एकमेकांकडे बघू. ज्याला ती वस्तू माहीत आहे अशा माणसाला समोर उभं करा, तो काय बोलतो ते लिहून घ्या. परतीच्या बसमध्ये मी लॉकरच्या पावतीमागे एक पाटी लिहून काढली, ती अशी:

‘अशी तांबडी धूळ डिचोली, सत्तरी, सांगे तालुक्यांच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं उडत होती. घमेल्यांतून ऐकू येतो तो भरलेल्या ट्रकाचा चढावरचा आवाज. मागचा फाळका खऱ्या ट्रकाचा आहे. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा हे ट्रकही थांबले. धूळ कोणाच्या घरात गेली आणि पैसा कोणाच्या, ते ज्याचं त्याने आठवावं. (इथली माती खनिजाची नाही, चिऱ्याची आहे.)’

कंसातली ओळ भावाच्या हट्टाने घातली आहे.

कला म्हणजे परकी वस्तू असं आमच्या घरात कधी नव्हतं. वडील दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ जपून कापून चौकटीत घालायचे, आणि ते दीनानाथ दलालांचं असेल तर ‘आमच्या मडगावचा माणूस’ असं पाहुण्याला सांगितल्याशिवाय चहा पुढे सरकायचा नाही. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची चौकट, आमची हीच बांधते. कवंडळ कुठे, आंबाड्यांचा घोस कुठे, सुपारीचा शिपटा कोणत्या कोपऱ्याला, तोरिंग मध्ये का नको, यावर ती कोणाचं ऐकत नाही, आणि बांधून झाल्यावर गणपतीकडे बघायच्या आधी लोक वर बघतात. त्या दालनातल्या मुलीने तिला ‘मांडणशिल्प’ हा शब्द सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे पाच दिवसांनी सोडायचं असतं ते.’ मुलगी हसली. पण हिला विनोद करायचा नव्हता.

आणि एक गोष्ट मला निवृत्त झाल्यावर कळली तेव्हा स्वतःचाच राग आला. ज्या थांब्यांवर मी हजारो वेळा शिट्टी मारली तिथं चित्रकार होते. साळगाव म्हणजे माझ्या लेखी उतारू जास्त, चढणारे कमी. तिथं १९२४ साली फ्रान्सिस न्यूटन सूझा जन्मला आणि १९४७ साली मुंबईत सोबत्यांसह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढून बसला. पोंबुर्फा वामन नावेलकरांचं, ते २०२१ साली गेले. मडगाव दलालांचं तसं लक्ष्मण पैंचंही. लोटली व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची, हे तरी सगळ्यांना माहीत आहे. पर्वरीला झेवियर सेंटरात आंजेलो दा फोन्सेकाची चित्रं आहेत, ज्याने चित्रात येशूच्या आईला, मारियेला, साडी नेसवली म्हणून चर्चची माणसं नाराज झाली आणि त्याला गोवा सोडून पुण्याला जावं लागलं. पर्वरीला मी रोज दहा मिनिटं चहाला थांबायचो. हे कोणी सांगितलं असतं तर निदान प्रवाशांना सांगितलं असतं. ‘फुडें वच, फुडें वच’ याशिवाय दुसरं काही ओरडायला मिळालं असतं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. वर्षात एक दिवस फुकट देण्यापेक्षा गोव्यात राहणाऱ्यांना महिन्याचा एक ठरलेला दिवस द्या, आणि त्या दिवशी दहा रुपये घ्या. छापील तिकीट द्या, त्यावर देवनागरीत नाव असू द्या. दहा रुपये दिलेला माणूस प्रश्न विचारतो. दालनात चार खुर्च्या ठेवा. ठरलेल्या दिवशी पणजी स्टँडवरून सकाळी एक आणि संध्याकाळी एक बस सोडता आली तर आमचं महामंडळ नाही म्हणणार नाही असं मला वाटतं. मी स्वतः अर्ज लिहून द्यायला तयार आहे, कोणत्या टेबलावर द्यायचा ते मला माहीत आहे. आणि रक्षकांनाही एकदा विचारा, कोण कुठला आहे.

नातवाचा निळा स्टिकर फ्रिजवर आहे. माझा शर्टाबरोबर धुतला गेला.

जाता जाता एक. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी भाऊ फणसाखाली, जिथं टिप्पर उभा असायचा तिथं, कुदळ घेऊन गेला. पावसाने आत गेलेली भुकटी अजून वीतभर खाली आहे. ती त्याने चाळली, वाळवली आणि दुधाच्या दोन पिशव्यांत भरली. मोजून अडीच किलो आहे. पिशव्या लहान दिसतात, उचलल्या की कळतं. त्याला त्या बाईंना द्यायच्या आहेत, पट्टा बदलायला नव्हे, निदान एका घमेल्यात घालायला. पोस्टाने पाठवायचं तर आत काय आहे ते लिहावं लागतं, आणि खरं लिहिलं तर पोस्टमास्तर आणखी काय काय विचारेल याची त्याला भीती वाटते. बाईंनी किंवा संग्रहालयाने आपल्या पत्रामार्फत कळवलं तर मी स्वतः बसने आणून देईन. पिशव्या सध्या आमच्या ओसरीवर आहेत. वर जाड पेनाने ‘खरें’ असं लिहून ठेवलं आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कंडक्टर,
साखळी